कंडक्टरचं तिकीट, हतनूरचे दरवाजे: कंडिशन आणि लूप पहिल्यांदा शिकताना

पावसाळा लागला की माझ्याकडे नवी मुलं यायला लागतात. कुणी चोपड्याचं, कुणी यावलचं, कुणी पार शहाद्याहून येऊन जळगावात खोली करून राहिलेलं. बहुतेकांची दहावी मराठीतून झालेली असते. व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायची नाव दिलेली डबी, त्यांना दोन दिवसांत कळतो, प्रिंट जमतं, बेरीज-वजाबाकी जमते. चौथ्या-पाचव्या दिवशी अट बघणारा इफ आणि तेच काम पुन्हा पुन्हा करणारा फॉर लूप येतात आणि निम्म्या वर्गाचे चेहरे उतरतात. या मुलांचं डोकं कमी चालतं असं मला कधीच वाटलं नाही. कोड वाचायला शिकण्याआधीच त्यांना तो टाइप करायला लावलेला असतो, खरी अडचण तिथे आहे. हा लेख अशा मुलांसाठी आहे. घरच्या घरी धाकट्या भावाला-बहिणीला शिकवणाऱ्यांनाही तो चालेल.

सामान थोडंच लागतं. एक वही, पेन्सिल, खोडरबर आणि जवळ असेल तो मोबाइल किंवा लॅपटॉप. भाषा पायथन घेऊ. ती १९९१ साली पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि अजूनही नवख्यांना तिच्याइतकी वाचायला सोपी भाषा क्वचितच मिळते. कोड लिहून चालवायला गुगल कोलॅब ब्राउझरमध्ये फुकट उघडतं, मोबाइलवरही. तुमच्या कॉलेजात आधी सी ही भाषा शिकवत असतील तरी बिघडत नाही. महिरपी कंस आणि अर्धविराम सोडले तर विचार तोच आहे.

या लेखात कोड मी मराठीत मांडलाय. वहीत तुम्हीही असाच मांडा. टाइप करताना ‘जर’च्या जागी इफ, ‘नाहीतर जर’च्या जागी एलिफ, ‘नाहीतर’च्या जागी एल्स, ‘किंवा’च्या जागी ऑर, ‘प्रत्येक’च्या जागी फॉर, ‘छाप’च्या जागी प्रिंट आणि ‘जोवर’च्या जागी व्हाइल येईल, तेही इंग्रजी अक्षरांत. अंकही इंग्रजीच हवेत. व्हेरिएबलची नावं मात्र देवनागरीत ठेवता येतात. २००८ साली आलेल्या पायथन ३ पासून ‘वय’, ‘तिकीट’, ‘एकूण’ अशी नावं चालतात. हे पहिल्यांदा चालवून बघितल्यावर मुलांना जो आनंद होतो तो मला दरवर्षी नव्याने आवडतो.

धीर येण्यासाठी एक गोष्ट आधीच सांगतो. १९६६ साली कोराडो बोम आणि ज्युसेप्पे जाकोपिनी या दोन इटालियन संशोधकांनी सिद्ध केलं, की कुठलाही हिशेब मांडायला तीन गोष्टी पुरतात: एकामागून एक कामं करणं, अट बघून वाट निवडणं आणि अट खरी असेपर्यंत तेच काम पुन्हा करणं. पहिली तुम्हाला येतेच. उरलेल्या दोन आज शिकू.

पहिली पायरी: कंडक्टरसारखा विचार

एसटीने गेलेल्या प्रत्येकाने कंडिशन, म्हणजे अट, पाहिलेली आहे. कंडक्टर सीटजवळ येतो, माणसाकडे बघतो, कधी आधार कार्ड मागतो आणि तिकीट फाडतो. नियम साधारण असे आहेत. पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही. पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं. ७५ च्या पुढे मोफत, हे ऑगस्ट २०२२ पासून. महिलांना अर्धं, हे मार्च २०२३ पासून. बाकीच्यांना पूर्ण. हिशेबाच्या सोयीसाठी पूर्ण तिकीट १०० रुपये धरू आणि महिलांची सवलत घटकाभर बाजूला ठेवू.

बहुतेक मुलं पहिल्या झटक्यात असं लिहितात:

```
जर वय < ५:
    तिकीट = ०
नाहीतर जर वय <= १२:
    तिकीट = ५०
नाहीतर जर वय >= ६५:
    तिकीट = ५०
नाहीतर जर वय > ७५:
    तिकीट = ०
नाहीतर:
    तिकीट = १००
```

वाचायला सगळं ठीक वाटतं. चालवलं तर एररही येत नाही. आता ८० वर्षांच्या आजोबांना या कोडमधून चालवत न्या. बोट पहिल्या ओळीवर ठेवा. ८० पाचापेक्षा कमी आहे का? नाही. बोट खाली. बारा किंवा कमी? नाही. खाली. ६५ किंवा जास्त? हो. तिकीट ५० आणि आजोबा शिडीच्या बाहेर. ७५ ची अट त्यांच्यापुढे आलीच नाही. खरं तर ती कुणाच्याच पुढे येणार नाही, कारण ७५ च्या वरचा प्रत्येक माणूस आधीच ६५ च्या दारातून आत गेलेला असतो.

इफ-एलिफची शिडी अशीच चालते. वरून खाली यायचं, जे पहिलं दार उघडं दिसेल त्यात शिरायचं आणि पुढची दारं बघायचीच नाहीत. म्हणून जास्त कडक अट वर आणि सैल अट खाली. ७५ ची ओळ ६५ च्या वर न्या, आजोबांचे पन्नास रुपये वाचतील.

आता महिलांची सवलत घ्या. ‘जर महिला असेल तर ५०’ ही ओळ सगळ्यात वर टाकावीशी वाटते. टाकून बघा आणि तीन वर्षांच्या मुलीला आत सोडा. आईच्या मांडीवरच्या लेकीचं अर्धं तिकीट निघेल. ८० वर्षांच्या आजीचंही निघेल. दोघींनाही खरं तर मोफत. म्हणजे ही अट खाली हवी, मोफतवाल्या सगळ्या ओळी संपल्यावर. तिथे ती ६५ च्या अटीला ‘किंवा’ने जोडता येते:

```
जर वय < ५:
    तिकीट = ०
नाहीतर जर वय <= १२:
    तिकीट = ५०
नाहीतर जर वय > ७५:
    तिकीट = ०
नाहीतर जर वय >= ६५ किंवा महिला:
    तिकीट = ५०
नाहीतर:
    तिकीट = १००
```

हाच कोड काही जण एलिफ न वापरता सुटे सुटे इफ टाकून लिहितात. मग काय होतं ते चार वर्षांच्या मुलावर बघा. पहिला इफ: पाचाखाली, तिकीट ०. पण आता शिडी नाही, म्हणून पुढचा इफही तपासला जातो: बारा किंवा कमी, तिकीट ५०. तिसरा लागू नाही. शेवटचा इफ लागू नाही, म्हणून त्याचा एल्स चालतो आणि तिकीट १००. चार वर्षांच्या पोराचं पूर्ण तिकीट! एल्स फक्त आपल्या लगतच्या इफचा असतो. वरच्या तीन इफशी त्याचं काही नातं नाही.

दुसरी पायरी: शिवेवर उभं राहून बघा

कोड लिहून झाला की मुलं ३० टाकून बघतात, ४० टाकून बघतात, उत्तर बरोबर येतं आणि वही मिटतात. ३० आणि ४० काहीच सांगत नाहीत. शेताची भांडणं बांधावर होतात, कोडची भांडणंही तिथेच. वरच्या कोडसाठी मी ही वयं तपासायला लावतो: ४, ५, १२, १३, ६४, ६५, ७५, ७६. प्रत्येक अटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा. वहीत तीन रकाने आखा: वय, मला काय यायला हवं, कोड काय देतो. दुसरा रकाना कोड चालवण्याआधीच भरा. ही शिस्त मी कुणालाही माफ करत नाही. आधी उत्तर बघितलं की माणूस त्याचं समर्थन शोधायला लागतो.

इथे एक छान अडचण येते. परवाच पंचाहत्तर पूर्ण झालेल्या आजोबांचं काय? बारा पूर्ण झालेल्या मुलाचं? ‘>’ आणि ‘>=’ यांच्यातल्या त्या एका चिन्हाने माणूस या बाजूला जातो की त्या. बोलण्यात आपण ‘पंचाहत्तरच्या पुढे’ म्हणून मोकळे होतो, मशीनला मात्र नक्की सांगावं लागतं. अशा वेळी अंदाजाने चिन्ह टाकू नका. नियम ज्याच्या हातात आहे त्याला विचारा, इथे कंडक्टरला किंवा डेपोत. नोकरीत गेल्यावरही हेच करायचं असतं.

एक बारीक गोष्ट जाता जाता: एकच ‘=’ म्हणजे डबीत ठेवा, दोन ‘==’ म्हणजे सारखं आहे का ते विचारा. पायथन इफमध्ये एकेरी ‘=’ टाकलं तर लगेच अडवतो. सी मात्र चालवून टाकते आणि चुकीचं उत्तर देते.

तिसरी पायरी: मोजून फिरायचं असेल तर फॉर

सुरुवात पाढ्यापासून करा. ‘बे एके बे, बे दुणे चार’ म्हणताना डावीकडचा दोन तसाच राहतो, मधला आकडा एक-एक वाढतो आणि दहावर थांबतो. हाच फॉर लूप. मधला आकडा म्हणजे लूपचा व्हेरिएबल. पण कुठून कुठवर मोजायचं ते सांगायला रेंज(१, १०) लिहिलं तर पाढा ‘बे नव्वे अठरा’वरच थांबतो. दहा येत नाही, कारण रेंजमधला दुसरा आकडा म्हणजे वेस, आणि लूप वेशीच्या आत येत नाही. दहापर्यंत हवं तर रेंज(१, ११). हे पाठ करू नका, एकदा डोळ्यांनी बघून घ्या.

पाढ्यात एक ओळ कमी आली तर कुणाचं नुकसान होत नाही. म्हणून मी लगेच दुसरं उदाहरण घेतो. भुसावळ तालुक्यात तापीवर हतनूर धरण आहे, त्याला ४१ दरवाजे. पावसाळ्यात ‘हतनूरचे इतके दरवाजे उघडले’ ही बातमी आपल्याकडे घरोघर वाचली जाते, नदीकाठची गावं तर तिच्यावर कान लावून असतात. समजा प्रत्येक दरवाजा उघडा आहे की बंद, याची नोंद आपल्याकडे आहे आणि उघडे किती ते मोजायचंय:

```
उघडे = ०
प्रत्येक क्रमांक, रेंज(१, ४१) मधला:
    जर त्या क्रमांकाचा दरवाजा उघडा:
        उघडे = उघडे + १
उघडे छाप
```

चूक सापडली? हा लूप ४० वर थांबतो. एकेचाळिसावा दरवाजा कुणी बघतच नाही. एररही येत नाही. तो दरवाजा बंद असेल त्या दिवशी उत्तरही बरोबर येईल, आणि तुम्हाला वाटेल कोड पक्का आहे. एकाने चुकणारा हा आकडा प्रोग्रॅमिंगमधली जुनी आणि फार चिवट चूक आहे. उपाय सोपा: लूप लिहिला की पहिली फेरी आणि शेवटची फेरी हाताने करा. मधल्या ३९ फेऱ्यांची सहसा काळजी नसते.

याच कोडमध्ये आणखी एक खड्डा आहे. ‘उघडे = ०’ ही ओळ चुकून लूपच्या आत गेली, म्हणजे चार स्पेस उजवीकडे सरकली, तर दर फेरीला मोजणी पुसली जाते आणि शेवटी ० किंवा १ एवढंच उरतं. ‘उघडे छाप’ आत गेली तर एका उत्तराऐवजी उत्तरांची रांगच लागते. पायथनमध्ये ओळ कुठून सुरू होते यालाच अर्थ आहे. वहीत लिहिताना लूपच्या आतल्या ओळींना डावीकडे एक उभी रेघ मारा. रेघेच्या आत जे आहे ते दर फेरीला होणार, बाहेरचं एकदाच.

चौथी पायरी: किती फेऱ्या ते माहीत नसेल तर व्हाइल

दरवाजे ४१ आहेत हे आधीच ठाऊक होतं. केळीची गाडी भरताना तसं नसतं. समजा हातगाडीवर जास्तीत जास्त १०० किलो न्यायचेत आणि समोर पाच घड पडलेत: २४, ३१, २२, २८ आणि १९ किलोचे. गाडीवर किती घड बसतील हे चढवता चढवताच कळणार.

```
एकूण = ०
जोवर एकूण < १००:
    घड = पुढच्या घडाचं वजन
    एकूण = एकूण + घड
```

तक्ता भरा. सुरुवातीला एकूण ०, शंभरापेक्षा कमी, चढवा: २४. कमी आहे, चढवा: ५५. चढवा: ७७. अजून कमीच, चढवा: १०५. आता अट खोटी झाली आणि लूप थांबला, पण गाडीवर पाच किलो जास्त चढून बसलेत. व्हाइल अट तपासतो ती फेरीच्या तोंडाशी. फेरीच्या मध्ये मर्यादा ओलांडली तर त्याला पत्ता नसतो. म्हणून घड उचलण्याआधी विचारायला हवं:

```
एकूण = ०
प्रत्येक घड, यादीतला:
    जर एकूण + घड > १००:
        थांब
    एकूण = एकूण + घड
```

यात ७७ वर थांबतो. बरोबर आहे, पण केळीवाला तुमच्याकडे बघत राहील. कारण १९ किलोचा घड अजून पडलाय आणि ७७ अधिक १९ म्हणजे ९६, तो आरामात बसतो. ‘थांब’च्या जागी ‘हा सोड, पुढचा घे’ असं लिहिलं तर ९६ किलो भरतात. पहिल्याला ब्रेक म्हणतात, दुसऱ्याला कंटिन्यू. पुस्तकातल्या व्याख्येने या दोघांतला फरक मुलांच्या लक्षात राहिलेला मी पाहिलेला नाही. २८ किलोचा घड बाजूला ठेवून १९ चा उचलला की राहतो.

आणि एक दिवस तुमचा लूप थांबणारच नाही. आमच्या वर्गात कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर तो येतोच आणि मागच्या बाकावरून हाक येते, ‘सर, हाऊ थांबसच नही!’ घाबरू नका, मशीनला काही होत नाही. लॅपटॉपवर कंट्रोल आणि सी एकत्र दाबा, कोलॅबमध्ये थांबवायचं चौकोनी बटण असतं. पण थांबवून लगेच पुन्हा चालवू नका. आधी व्हाइलच्या अटीवर बोट ठेवा आणि विचारा: या अटीतली कुठली गोष्ट लूपच्या आत बदलते? वरच्या पहिल्या कोडमधून ‘एकूण = एकूण + घड’ खोडा. एकूण ० च राहतो, ० कायम शंभरापेक्षा कमी, आणि गाडी कधीच भरत नाही.

पाचवी पायरी: ठिकठिकाणी एकदमच अडकलेला लूप

ही पायरी नवख्यांना जड जाईल असं काही जण म्हणतात. मला उलट अनुभव आहे, म्हणून थोडा वेळ घेतो.

३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टचे झून नावाचे गाणी ऐकायचे प्लेअर, त्यातलं ३० जीबीचं मॉडेल, ठिकठिकाणी एकदमच अडकले. सुरू करावेत तर पडदा तसाच. दोष होता तारीख काढणाऱ्या एका छोट्या लूपमध्ये. यंत्राला १९८० च्या सुरुवातीपासून किती दिवस झाले एवढंच माहीत असतं, त्यावरून वर्ष काढायचं होतं. कोडचा गाभा मराठीत असा:

```
वर्ष = १९८०
जोवर दिवस > ३६५:
    जर वर्ष लीप:
        जर दिवस > ३६६:
            दिवस = दिवस - ३६६
            वर्ष = वर्ष + १
    नाहीतर:
        दिवस = दिवस - ३६५
        वर्ष = वर्ष + १
```

एकेक वर्षाचे दिवस वजा करत पुढे सरकायचं. वही काढा आणि शेवटच्या फेरीला या. वर्ष २००८, लीप. ३१ डिसेंबर म्हणजे त्या वर्षाचा ३६६ वा दिवस, म्हणून दिवस = ३६६. जोवरची अट: ३६६ हे ३६५ पेक्षा जास्त, आत या. वर्ष लीप, हो. दिवस ३६६ पेक्षा जास्त? नाही, बरोबर तेवढेच आहेत. मग काहीच करायचं नाही. बाहेरच्या ‘नाहीतर’शी आपला संबंध नाही, तो लीप नसलेल्या वर्षांचा. परत वर. दिवस अजून ३६६, वर्ष अजून २००८. पुन्हा आत. पुन्हा काहीच नाही.

लूपच्या आत दिवस बदलणाऱ्या ओळी आहेत, दोन ठिकाणी आहेत. तरी अडकला, कारण एक वाट अशी उरली जिच्यात काहीच बदलत नाही. म्हणून चौथ्या पायरीतला प्रश्न आता पूर्ण विचारायचा: आतल्या प्रत्येक वाटेवर काही बदलतं का, किंवा ती वाट बाहेर पडते का? कंपनीने लोकांना सांगितलं, की बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीची दुपार उलटल्यावर, तीही ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे, पुन्हा सुरू करा. तारीख पुढे गेली, दिवस ३६७ झाले, लूप सुटला. दुरुस्ती तुम्ही करा: आतल्या ‘जर’ला एक ‘नाहीतर’ द्या आणि त्यात ‘थांब’ लिहा. मग ३६५, ३६६ आणि ३६७ तिन्ही घालून तक्ता भरा.

लीप वर्षाची अटही लिहून बघा. चाराने भाग जाणारं वर्ष लीप, पण शंभराने भाग जात असेल तर नाही, आणि चारशेने जात असेल तर पुन्हा हो. म्हणून १९०० लीप नव्हतं, २००० होतं. अटींचा क्रम ७५ आणि ६५ सारखाच लागेल.

लूपच्या आत लूप

केळीच्या बागेत ओळी असतात आणि ओळीत झाडं. बाहेरचा लूप ओळीचा, आतला झाडाचा. तीन ओळी आणि ओळीत चार झाडं असतील तर आतलं काम बारा वेळा होतं. आतला लूप पूर्ण संपल्याशिवाय बाहेरचा एक पाऊल सरकत नाही, जसं एक ओळ संपवल्याशिवाय आपण दुसऱ्या ओळीत पाणी बघायला जात नाही. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरात १,७४० च्या आसपास झाडं बसतात, तितक्या वेळा आतली ओळ चालेल.

मी शिकत होतो तिथे लूप म्हणजे चांदण्यांचे त्रिकोण छापणं. सरळ, उलटा, हिऱ्याच्या आकाराचा. प्रॅक्टिकलला तेच येणार म्हणून आम्ही सगळे प्रोग्रॅम पाठ केले, गुणही मिळाले. वर्षभराने दुकानाचं साधं उधारी-खातं लिहायला बसलो तर मला लूप कुठे लावायचा हेच सुचेना. त्याचं मला आजही वाईट वाटतं, माझ्यासाठी आणि माझ्याबरोबरच्या ज्यांनी तिथेच हा विषय सोडला त्यांच्यासाठी. त्रिकोण वाईट नाहीत, पण ते दुसऱ्या महिन्यात करा. पहिला लूप अशा गोष्टीवर लिहा जिचं उत्तर घरातलं कुणीही तोंडी तपासून सांगू शकेल.

हातावेगळा करायचा एक हिशेब

धुळ्याच्या गाडीत एक कुटुंब चढलं. याच क्रमाने बसलेत: ४ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा, ३८ वर्षांची आई, ४२ वर्षांचे वडील, ६७ वर्षांचे आजोबा, ७८ वर्षांची आजी. पूर्ण तिकीट १०० रुपये. फॉर लूपमध्ये तिकिटाची शिडी बसवा आणि सगळ्यांचे मिळून किती ते काढा. आधी वहीत, मग मोबाइलवर.

उत्तर २५० यायला हवं. ३०० आलं तर आजीचं अर्धं तिकीट फाडलं गेलंय, ७५ ची ओळ खाली राहिली आहे. ३५० आलं तर महिलांची अट सगळ्यात वर आहे आणि चार वर्षांच्या मुलीलाही तिकीट लागलंय. ० आलं तर ‘एकूण = ०’ लूपच्या आत आहे, दर प्रवाशाला हिशेब पुसला गेला आणि शेवटी फक्त आजी उरली. आकड्यांच्या सहा ओळी छापून आल्या तर प्रिंटची ओळ चार स्पेस डावीकडे घ्या.